तिची गाणी ऐकणं बंद करू का, ताई?

ताई, नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातला. वय एकेचाळीस. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, वेळ पडली तर गातोही. लग्नसराईत हळदीचे कार्यक्रम, गणपती-नवरात्रात मंडळांच्या सुपाऱ्या, बाकी महिने थोडी शेती आणि पोरांचे गिटारचे क्लास. कॉलेजात असताना रूम पार्टनरकडे ट्रेसी चॅपमन या अमेरिकन गायिकेची कॅसेट होती. इंग्रजी निम्मंही कळत नव्हतं, पण तिचं 'फास्ट कार' हे गाणं ऐकलं आणि ती बाई मनात बसली ती बसलीच. पुढे शब्द शोधून काढले, अर्थ लावला, गिटारवर बसवलं. त्यानंतर कितीतरी गायक ऐकले, पण तिच्या जागेवर कोणी आलं नाही.

अडचण अशी की मी स्वतः अहिराणीत गाणी लिहितो. रात्री लिहितो आणि सकाळी खोडतो. तिच्या गाण्याशेजारी ठेवलं की आपलं पोरकट वाटतं. आजवर घरातही कोणाला ऐकवलेलं नाही. ऑर्केस्ट्रातले मित्र म्हणतात, 'या वयात एका इंग्रजी गाणाऱ्या बाईच्या मागे काय लागलास?' एक चॅनलवाला म्हणतो, 'गाणं दे, पण डीजे बीट पाहिजे, लोक नाचले पाहिजेत. एकरकमी पैसे देतो.' कधी वाटतं, तिच्यामुळेच मी अडकलोय. काही वर्षं तिला ऐकणं बंदच करावं का? सोबत दोन रेकॉर्डिंग पाठवतोय, एक ऑर्केस्ट्रातलं आणि एक माझ्या गाण्याचं. एक खोडलेला कागदही जोडलाय.

— एक गिटारवाला


भाऊ,

बंद करू नका. हे आधी सांगते, कारण पत्राचा सूर बघता तुम्ही उद्याच तिची सगळी गाणी मोबाइलमधून काढून टाकाल अशी मला धास्ती वाटते. ज्या गाण्याने एवढी वर्षं साथ दिली, त्याला शिक्षा कशाची? अडलंय ते दुसरीकडेच, आणि तुमच्या खोडलेल्या कागदावर ते स्वच्छ दिसतंय.

त्या कागदावरच्या पहिल्या दोन ओळी अशा आहेत :

सुरतनी गाडीमा, माय, तुन्ही भाकर थंडी व्हयनी,
उधनानं ठेसन उनं, भूक मातर उतरनी नही.

यावर आडवी रेघ. खाली नवीन ओळ, 'मन्हा सपनासले पंख फुटनात'. आणि समासात बारीक अक्षरात तुमचा शेरा, 'कुठे फास्ट कार आणि कुठे भाकर'.

भाऊ, पंखांची ओळ कोणीही लिहू शकतं. पुण्यातल्या पोराने लिहिली काय आणि पाटण्यातल्या पोराने लिहिली काय, तिच्यात काही फरक पडणार नाही. भाकरीची ओळ मात्र सुरत-भुसावळ लाइनवर वाढलेल्या माणसाशिवाय कोणाला सुचायची नाही. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या पट्ट्यातल्या किती घरांतून माणसं सुरतेला कामाला गेली! तिथल्या उधना, लिंबायत भागांकडे गेलं की गल्लीत अहिराणी कानावर पडते. पहाटे आईने बांधून दिलेला डबा, गाडीत तो उघडायला मांडीएवढीही जागा नाही, स्टेशन आलं की माणूस उतरतो आणि भूक पोटात तशीच. एवढं सगळं तुम्ही दोन ओळींत सांगितलंत आणि वर रेघ मारलीत. का, तर ट्रेसी चॅपमन तुमच्या डोळ्यांपुढे उभी होती म्हणून.

आता तिने काय केलंय ते नीट बघू या. तुम्ही ते गाणं हजारदा ऐकलंय, पण मला शंका आहे की तुम्ही ते रसिक म्हणून ऐकलंत, लिहिणारा म्हणून कमी.

'फास्ट कार'मध्ये गरिबीवर एकही मोठं वाक्य नाही. त्यात एक मुलगी आहे. तिचा बाप दारू पितो, त्याच्याने काम होत नाही. आई घर सोडून गेलेली. बापाचं करायला कोणी नाही म्हणून पोरीने शाळा सोडली. ती दुकानात काम करून चार पैसे बाजूला टाकते, शहरात गेल्यावर बाजारात काउंटरवर बसते, आणि स्वतःचं घर होईल म्हणून वाट बघते. बस, एवढंच. नोकरी कसली, दारू कोण पितं, पैसे कुठून आले, सगळं डोळ्यांना दिसतं. आणि पुढे काय होतं? ज्याच्या गाडीत बसून ती निघाली, तोही बापासारखाच दारूला लागतो. सुरुवातीला गाव सोडायचा निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो, शेवटी ती त्याला सांगते की आता तू तुझं ठरव. खालची गिटार तीच, चाल तीच, मधल्या काळात एक आयुष्य फिरून गेलेलं. मला विचाराल तर या गाण्याची खरी कमाल तिथे आहे, आणि ती कमाल घडते दुकानाच्या काउंटरमुळे, बाटलीमुळे, सोडलेल्या शाळेमुळे. तिने तिची 'भाकर' खोडली नाही.

म्हणजे बघा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात १९६४ साली जन्मलेली बाई अमळनेरच्या पोराच्या काळजाला का भिडली, याचं उत्तर तुमच्याच कागदावर होतं. गाव सोडून जाणं, तिकडे जाऊन तेच दळण दळणं, हे तुम्ही लहानपणापासून दारात बघितलंय. इंग्रजी निम्मं कळत नसताना तुम्हाला गाणं कळलं ते त्यामुळे. मग तुमच्या गाण्यात गाडी सुरतेची असणार आणि डब्यात भाकरच असणार, दुसरं काय असणार?

आता कौतुकाबद्दल. एखाद्या कलावंतावर आयुष्यभर जीव असणं ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, विशेषतः स्वतः वाजवणाऱ्या माणसात. त्यामुळे कान हलक्या मालावर समाधान मानत नाही. आपल्याकडे शिष्य वर्षानुवर्षं गुरूची तान जशीच्या तशी उचलतो, त्याची लाज कोणाला वाटत नाही. पण गुरू समोर बसलेला असतो. तो चुकलं तर थांबवतो, जमलं तर मान हलवतो. ट्रेसी चॅपमन तुमच्यासमोर नाही. तिने तुमचं एकही गाणं ऐकलेलं नाही, ती तुम्हाला काही बोललेली नाही. तिच्या रिकाम्या जागेवरून बोलतेय ती तुमचीच भीती, आणि बोलतेय तिच्या आवाजात. गुरू करायचं सोडून तुम्ही तिला परीक्षक करून ठेवलंत. ते तेवढं थांबवायचं. ऐकणं नाही.

आणि तुलना तरी कशाची कशाशी करता? तुमच्याकडे रात्री लिहिलेला कागद आहे. तिच्या बाजूला १९८८ सालचा पूर्ण झालेला अल्बम आहे, ज्यातली गाणी तिने त्याआधी कितीतरी काळ लोकांसमोर गाऊन घासून घेतली होती. बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात शिकत असताना ती हार्वर्ड स्क्वेअरच्या फुटपाथवर उभी राहून गायची, कॉफी हाउसमध्ये गायची. जाणारे-येणारे थांबतात की पुढे जातात हे तिने रोज डोळ्यांनी बघितलं. १९८८च्याच ११ जूनला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम होता. मंडेला तेव्हा तुरुंगातच होते. ट्रेसीचं गाणं आधी होऊन गेलेलं होतं. संध्याकाळी स्टिव्ही वंडरची वेळ आली आणि त्याच्या वाद्याची हार्ड डिस्क सापडेना, तो त्या वेळी न गाताच बाहेर पडला. रिकामा वेळ भरायला तिला पुन्हा पाठवलं. बँड नाही, काही नाही, एक गिटार आणि एक माइक. समोर तुडुंब स्टेडियम आणि टीव्हीवर जगभरातले लोक. त्या संध्याकाळनंतर तिचा अल्बम जगभर गेला.

ही गोष्ट लोक नशिबाची म्हणून सांगतात. तुम्ही स्टेजवरचे आहात, तुम्हाला कळेल. ऐनवेळी साउंडवाला हात वर करतो, सिंगर वेळेवर पोचत नाही, आणि कोणीतरी म्हणतं, 'जा रे, सांभाळ पाच मिनिटं.' ती पाच मिनिटं कोण सांभाळू शकतो? ज्याचं गाणं बॅकिंग ट्रॅकशिवाय उभं राहतं तो. तिचं उभं राहिलं, कारण ते फुटपाथवर आधीच उभं राहिलेलं होतं. तुमचं एकही गाणं अजून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतही गेलेलं नाही. ते कसं आहे हे तुम्हाला कसं कळणार? कागदावर बघून गाणं कळत नाही, भाऊ. समोरचा माणूस कुठल्या ओळीला हातातलं काम थांबवतो, तिथे कळतं.

तेव्हा पहिलं काम हे. गाणं आईला ऐकवा, आई नसेल तर घरातल्या कोणालाही. आणि सुरतेत राहणाऱ्या भाऊबंदांपैकी कोणाला तरी फोनवर ऐकवा. गाणं कसं वाटलं असं विचारू नका, लोक 'भारी' म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा विचारा की गाडीत डबा उघडायला जागा मिळायची का, कोणत्या स्टेशनाला भूक लागायची, पहिला पगार झाला तेव्हा घरी काय पाठवलं. तुमची पुढची कडवी त्या फोनवर मिळतील. दोन ओळी तुमच्या आहेतच, बाकीचं गाणं लोकांकडे पडलेलं आहे.

आता तुमच्या रेकॉर्डिंगबद्दल. गाणाऱ्यांच्या शेजारी पेटी घेऊन बसण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे इथे जरा स्पष्ट बोलते. ऑर्केस्ट्राच्या क्लिपमध्ये तुम्ही काळी दोनला मोकळे गाताय, वरचे सूर सहज लागतायत, आवाज मोठा गोड आहे. स्वतःच्या गाण्यात मात्र पट्टी चांगलीच खाली ओढलीत. तिचा आवाज मुळातच खालचा आणि भारदस्त, तिला तो शोभतो. तुमचा तिथे दबतो, खर्जात शब्द विरून जातात. शिवाय तुम्ही ओळीचा शेवट तिच्यासारखा पटकन गिळताय. इंग्रजी शब्द व्यंजनावर आपटून थांबतात, तिथे ते चालतं. अहिराणीत 'व्हयनी', 'उतरनी' यांतल्या शेवटच्या 'ई'वरच तर सगळी माया आहे! ती लांबवा, तिच्यावर थोडं टेका. पट्टी वर न्या, कॅपो, म्हणजे गिटारच्या दांडीवरची ती चिमटी, चढवा, आणि ऑर्केस्ट्रात गाता त्याच गळ्याने गा.

गिटारबद्दलही तेच. 'फास्ट कार'ची ती फिरती चार कॉर्डची जागा तुम्ही जवळजवळ तशीच आपल्या गाण्याखाली टाकलीय. हात तिकडेच वळतात, मला कळतं. पण ती जागा तिच्या शब्दांच्या चालीतून आलेली आहे. तिथे बोलल्यासारख्या लांब लांब ओळी आहेत, गिटार खाली गोल फिरत राहते, आणि ड्रम पूर्ण ताकदीने पहिल्यांदा येतात ते थेट ध्रुवपदाला. तोवर ऐकणारा बराच वेळ नुसत्या गोष्टीत अडकून राहिलेला असतो. उचलायचंच असेल तर हे उचला : काय कधी वाजवायचं नाही, याचा तिचा संयम. कॉर्ड उचलू नका.

गाणं बसवताना आधी गिटार खुंटीला ठेवा. नुसतं तोंडाने गा, पायाने ठेका धरा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशात कानबाई देवी बसते, त्या रात्री बाया जागून गाणी म्हणतात. यंदा त्यांच्यात जाऊन बसा आणि फक्त ऐका. एखादी म्हातारी जुन्या चालीत स्वतःची ओळ सहज घुसवून देते, नातसुनेचं नाव, यंदाचा पाऊस, काहीही. तिला कोणाशी तुलना सुचत नाही. चाल आणि शब्द एकमेकांना कसे धरून चालतात ते तिथे ऐकायला मिळेल, आणि ते आपल्या बोलीतलं असेल.

बहिणाबाई चौधरींचं नाव तुम्हाला मी काय सांगायचं? पण एक गोष्ट आपण विसरतो. पुस्तकात वाचल्यामुळे आपण त्यांना कवयित्री म्हणतो. त्या लिहीत नव्हत्या, त्यांना लिहिता येत नव्हतं. असोद्याची लेक, जळगावात दिलेली, जात्यावर आणि शेतात काम करताना स्वतः रचून स्वतः गायची. मुलाने, म्हणजे सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने ते उतरवून घेतलं, म्हणून राहिलं. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. एकटीने रचायचं, एकटीने गायचं, जवळ जे आहे त्यावरच गायचं, ही रीत तुम्हाला क्लीव्हलँडहून आणावी लागत नाही. ट्रेसी चॅपमनवर तुमचा जीव जडला तो परका नाही. आणि हे मी तिला लहान करायला सांगत नाहीये, दोघींना एका पंगतीत बसवायला सांगतेय.

मित्रांचं मनावर घेऊ नका. ते टिंगल करतात त्यात वाईट हेतू नसावा, रोज तीच ती गाणी वाजवून माणूस थकतो आणि दुसऱ्याच्या ध्यासाची चेष्टा करतो. फार झालं तर त्यांना ल्यूक कॉम्ब्सचं सांगा. अमेरिकेत कंट्री संगीत गाणारा हा दणकट दाढीवाला गडी लहानपणी बापाच्या गाडीत 'फास्ट कार' ऐकायचा. मोठा झाला, स्वतःची नावाजलेली गाणी झाली, तरी ते गाणं त्याने सोडलं नाही. २०२३ साली त्याने ते रेकॉर्ड केलं. स्वतः पुरुष असून त्यातली काउंटरवरची 'मुलगी' त्याने तशीच ठेवली, बदलली नाही. गाणं पुन्हा सगळीकडे वाजलं. त्या वर्षीचा कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गीताचा मान लिहिणारी म्हणून ट्रेसी चॅपमनला मिळाला, आणि तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार ठरली. २०२४च्या फेब्रुवारीत ग्रॅमीच्या मंचावर दोघं शेजारी उभं राहून ते गायले. ती गाताना तो तिच्याकडे ज्या नजरेने बघत होता, ते तुमच्या मित्रांना मोबाइलवर दाखवा. मग वयाचं कोणी बोलणार नाही.

राहिला चॅनलवाला. अहिराणी गाण्यांना आज कोट्यवधी लोक बघतात, नाचतात, त्यातून आपल्या भागातल्या पोरांना काम मिळतं. मला त्याचा आनंदच आहे. नाचाचं गाणं हलकं असतं असं मी कधी म्हणणार नाही. तुम्हाला एखादं सुचलं तर जरूर द्या. पण सुरतेच्या गाडीचं गाणं डीजे बीटवर टाकू नका. ते त्यासाठी जन्मलेलं नाही आणि हे तुम्हालाही आतून माहीत आहे, नाहीतर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

आणि कुठलंही गाणं द्याल तेव्हा कागद वाचल्याशिवाय सही करू नका. ट्रेसीला पस्तीस वर्षांनी दुसऱ्याच्या आवाजातून मान आणि पैसा दोन्ही मिळाले, कारण शब्द आणि चाल दोन्ही तिची होती आणि त्यावरचा हक्क तिच्याकडे होता. आपल्याकडेही २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. गाण्याचे हक्क तुम्ही कंपनीला किंवा चॅनलला दिलेत, तरी गीतकार आणि संगीतकार म्हणून रॉयल्टीतला तुमचा समान वाटा तुम्हाला सहीने सोडून देता येत नाही. 'एकरकमी घ्या आणि विषय संपवा' असं कोणी म्हणालं तर हे त्याला शांतपणे सांगा, आणि करारावर गीत-संगीत म्हणून तुमचं नाव आहे की नाही ते बघा. चांगली मराठी येणाऱ्या एखाद्या वकिलाकडून कागद वाचून घ्या, अमळनेरला किंवा जळगावला मिळेल. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था आहे, दोन-चार गाणी बाहेर आली की तिचं सभासदत्व घ्या.

गाणं नवीन पट्टीत बसलं की मला पाठवा. मात्र घरच्यांनी आधी ऐकलेलं असलं पाहिजे, ही माझी अट आहे.

तुमची,
ताई